मागच्यांची ओळ

"आक्का, आधी काय?" मी विचारलं.

गिरजाबाई खरात पुढं उभ्या होत्या. लाकडी फळीवर मी मेन स्विच, तीन फ्यूज आणि मोटारीचा स्टार्टर बसवून दिला होता. त्या फळीच्या उजव्या अंगाला, पदर खोचून, हातात लाल मुठीचा टेस्टर घेऊन त्या उभ्या होत्या, बुवा वीणेकऱ्याच्या शेजारी उभा राहतो तशा.

"आधी मेन..." एवढं म्हणून त्या थांबल्या.

"बंद करायचा," मागं सतरंजीवर बसलेले एकोणीस जण एका सुरात म्हणाले.

"मग फ्यूज काढायचा आन्..."

"आपल्याच खिशात ठेवायचा." यात तात्याबा सानपांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. साठीला टेकलेला माणूस, एका कानानं कमी ऐकायचा, पण ही ओळ आली की कुणाला पुढं जाऊ द्यायचा नाही.

खिडकीबाहेरून कुणीतरी म्हणालं, "बाईच्या लुगड्याला खिसा कुठं असतोय?"

सगळे हसले. गिरजाबाईंनी मान वळवली नाही. आवाज नवऱ्याचा होता, लिंबाजीचा.

"कमरेला पिशवी हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या खिशासारखी फाटकी नाय. तुमच्याजवळ फ्यूज दिला तर तंबाखूबरबर मळून खाल."

"खाईन की. निदान पोटाला तरी लागंल. हितं काय लागायलंय?"

"लिंबाजीराव, आत येऊन बसा," मी म्हणालो.

"नको बुवासर. अर्ध्या कोयत्यानं शाळंत बसू नये."

यावर कुणी हसलं नाही.

ही गोष्ट आठ-नऊ वर्षांपूर्वीची. तालुक्याच्या कॉलेजानं मोठ्या माणसांसाठी कामधंद्याचे वर्ग काढले होते. कम्युनिटी कॉलेज असं त्याचं नाव. आमच्या गावातल्या जुन्या वसतिगृहाचं जेवणघर रिकामं पडलं होतं, तिथं 'वीजतंत्री सहायक' हा चार महिन्यांचा वर्ग बसायचा आणि शिकवायला मी. आयटीआय करून मी बारा वर्षं खांबावर चढलो होतो. पाय मोडल्यावर हे कंत्राटी मास्तरपण मिळालं. उरलेला सगळा वेळ देवळात. पंचक्रोशीत कुठंही सप्ताह बसला की टाळ घेऊन मागच्या ओळीत मी उभा, म्हणून सगळे मला बुवासर म्हणत. मी बुवा कधीच नव्हतो. बुवाच्या मागं उभं राहण्यातच माझा जीव रमायचा.

वीस जणांत नऊ जणांना वाचता येत नव्हतं. पहिले तीन आठवडे मी फळ्यावर लिहीत होतो आणि ती माणसं फळ्याकडं बघत होती, उन्हात उभ्या केलेल्या बैलानं बघावं तशी. एके दिवशी सप्ताहातून थेट वर्गावर आलो. गळा बसलेला, डोक्यात चाल घोळत होती. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सुटलं, आणि मागून सगळ्यांनी ते पुरं केलं. आमच्याकडची माणसं कीर्तनातच वाढलेली. बुवानं चरण अर्धा सोडायचा आणि मागच्यांनी तो उचलायचा, हे आईच्या मांडीवर झोपेत ऐकलेलं. त्या दिवसापासून मी सगळा धडा तसाच बांधला. मेन, फ्यूज, टेस्टर, अर्थिंग, कोरडं लाकूड. वर्गातून गळणारी माणसं परत आली. महिनाभरात गिरजाबाई माझ्यापेक्षा बऱ्या सांगायला लागल्या, म्हणून मी त्यांना पुढं उभं केलं आणि आपण सतरंजीवर जाऊन बसलो.

आता कोयत्याचं सांगतो. आमच्याकडं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते. दोघं मिळून एक कोयता. एकट्या माणसाला टोळीचा मुकादम घेत नाही. गिरजाबाई अठरा हंगाम गेल्या होत्या. त्यांची मुलगी उर्मिला सातवीत, पण दर वर्षी सहा महिने उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत, त्यामुळं तिची सातवी म्हणजे निम्मी सातवी. त्या वर्षी गावाशेजारच्या माळावर सोलरचा प्रकल्प उभा राहिला. देखभालीला गावातली माणसं घेणार, पण प्रमाणपत्र असलेलीच, आणि यादी परीक्षेच्या महिनाअखेरीला बंद. गिरजाबाईंनी वर्गात नाव घातलं आणि मुकादमाला नाही म्हणून सांगितलं. त्यांच्यासोबत लिंबाजीही घरी बसला. गावातली पोरं त्याला येता-जाता 'अर्धा कोयता' म्हणायला लागली.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर तो दाराशी आला. माणूस वाईट नव्हता, लाजेनं कावलेला होता.

"बुवासर, गुरुवारी परीक्षा ना?"

"हो. पुण्याहून परीक्षक येणार."

"रविवारी टोळीची शेवटची गाडी हाय. मुकादमाला म्या दोन जागा धरून ठेवायला लावल्यात. हिला कागद मिळाला तर म्या तोंड मिटून घरी बसंन. देवाच्यान्. न्हाई मिळाला तर रविवारी गाडीत."

"आणि पोरगी?"

"पोरगी कुणाजवळ ठिवू? माझी माय मरून चार वर्सं झाली."

गिरजाबाई सतरंजी झटकत होत्या. "कागद मिळणार हाय," त्या म्हणाल्या. "उर्मीला म्या सांगितलंय, यंदा तुझं गॅदरिंग चुकायचं नाय. तुम्ही त्या मुकादमाला आताच सांगून टाका."

"सांगू का बुवासर?" लिंबाजीनं माझ्याकडं बघून विचारलं.

मी म्हणालो, "सांगा. यांचं काम पक्कं आहे."

गुरुवारी परीक्षक आले. केळुसकर नावाचे, तिशीच्या आतले, नम्र. आल्याआल्या त्यांनी बूट बाहेर काढले हे सगळ्यांना आवडलं. वसतिगृहाच्या बाकीच्या खोल्यांचं छप्पर गेलेलं, तेव्हा परीक्षा याच जेवणघरात घ्यायची ठरली. केळुसकरांनी तिकाटण्यावर टॅब बसवला. प्रत्येकाची तोंडी परीक्षा त्यात चित्रित होणार आणि लगेच वर, पुण्याच्या ऑफिसात जाणार.

"बाकीचे मागं बसा," ते म्हणाले. "फक्त बोलायचं नाही. आवाज रेकॉर्ड होतो."

मीही सगळ्यांना बजावलं. तात्याबांच्या चांगल्या कानाशी जाऊन वेगळं बजावलं. ते घामानं भिजले होते. टोपी काढत, घालत, पुन्हा काढत.

"बुवासर, माझा नंबर कितवा?"

"दुसरा. आक्कांच्या मागं."

"मला मुतायला लागलीय."

"आत्ताच जाऊन आलात ना?"

"ते ऱ्हायलंच बगा मधीच."

वर्गाचे समन्वयक कुलथे सरही तालुक्याहून आले होते. ते दारात खुर्ची टाकून बसले.

गिरजाबाईंचं हातकाम आधी झालं. स्टार्टरची जोडणी त्यांनी अकरा मिनिटांत केली. वेळ अर्ध्या तासाची होती. एकही तार उलटी नाही, एकही टोक उघडं नाही. केळुसकरांनी प्रत्येक पेच स्वतः ओढून पाहिला.

"छान, मावशी. हात फार चांगला आहे तुमचा. बसा, आता तोंडी."

"उभ्यानंच येतं मला," गिरजाबाई म्हणाल्या, आणि फळीच्या उजव्या अंगाला, रोजच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

तेव्हाच त्यांना खुर्चीवर बसवायला हवं होतं.

"शेतावरची मोटार बंद पडलीय," केळुसकर म्हणाले. "स्टार्टर उघडायचाय. उघडण्याआधी काय काय कराल? क्रमानं सांगा."

"आधी मेन..." आणि त्या थांबल्या.

मी खोकलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि घास गिळावा तसं त्या घाईनं म्हणाल्या, "बंद करायचा."

"बरं. पुढं?"

"मग फ्यूज काढायचा आन्..."

पुन्हा थांबल्या. या खेपेला त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. नजर मागच्या सतरंजीकडं होती. जेवणघराच्या पत्र्यावर चिमणीचे पाय वाजत होते तेवढाच आवाज. मनातल्या मनात मी म्हणत होतो, बोला आक्का, बोला.

"आपल्याच..." तात्याबांच्या तोंडातून निघालं, आणि त्यांच्या मागोमाग सगळेच म्हणाले, तीन महिने म्हणत आले होते तसे, सुरात, "खिशात ठेवायचा."

केळुसकरांनी टॅबवर बोट ठेवून चित्रण थांबवलं. त्यांना राग आला नव्हता. ते घाबरले होते असं मला वाटलं.

"हे काय होतं?" त्यांनी हळू विचारलं.

तात्याबा उठून उभे राहिले. "सायेब, म्या बोललो. बाईला सगळं येतंय. तिचा काय गुन्हा न्हाई."

"आजोबा, बसा. तुम्ही बोललात की कोण बोललं, हे दिसत नाहीये. चित्रात चेहरा फक्त मावशींचा आहे. उत्तर मागून आलं, एवढंच त्यात दिसणार." मग ते माझ्याकडं वळले. "सर, एक स्पष्ट सांगा. हे असं एकत्र म्हणायला तुम्ही शिकवलंय का?"

मी तोंड उघडणार एवढ्यात कुलथे सर उठले. "साहेब, दोन मिनिटं द्या," म्हणाले आणि मला दंडाला धरून ओसरीवर घेऊन गेले.

"बुवासर, शांतपणे ऐका. तुम्ही 'मी शिकवलं' म्हणालात, तर ती केंद्राची चूक. सगळी बॅच रद्द. वीसही जण. केंद्र बंद. जानेवारीत चाळीस जणांची नवी बॅच आहे, तीही गेली. तुमची नेमणुकीची ऑर्डर तर गेलीच."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर ती उमेदवाराची चूक. एकीवर भागतं. बाकीच्या एकोणीस जणांची एकेक करून परीक्षा घ्यायला साहेब तयार होतील, मी बोलतो त्यांच्याशी."

"पण सर, शिकवलंय मीच."

"मला माहीत नाही का? दारात उभा राहून दहादा ऐकलंय. छान शिकवता तुम्ही." त्यांचा आवाज खरंच मऊ होता. "एकोणीस जणांचा विचार करा. त्या बाईला सहा महिन्यांनी पुन्हा बसवू."

सहा महिन्यांनी यादी नसणार, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी ते बोललो नाही.

आत आलो. केळुसकरांनी टॅब माझ्याकडं वळवला. म्हणाले, तुमचं म्हणणं नोंदवावं लागेल, नाव सांगून सुरुवात करा. त्या काळ्या काचेत मला माझाच चेहरा दिसत होता, कपाळावरच्या बुक्क्यासकट. गिरजाबाई फळीशेजारी उभ्याच होत्या, चार हातांवर.

मी नाव सांगितलं. मग म्हणालो, "हे मी शिकवलेलं नाही. प्रत्येकानं स्वतंत्र उत्तर द्यायचं, असंच मी शिकवलंय."

मागं सतरंजीवर हालचाल झाली. तात्याबा पुन्हा अर्धवट उठले. कुलथे सर दारातून म्हणाले, "तात्या, तुम्ही उठलात तर सगळ्यांचं जाईल." तात्याबा बसले. ते बसले तेव्हा मला बरं वाटलं. बाकी काही सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण हे सांगायलाच हवं. मला बरं वाटलं.

गिरजाबाईंनी टेस्टर फळीवर ठेवला. कमरेची पिशवी सोडली, तिच्यातले तीन फ्यूज काढून टेस्टरच्या शेजारी ओळीनं मांडले, आणि बाहेर गेल्या. चप्पल घालताना त्यांना वेळ लागला. दोनदा पाय चुकला.

मग एकेकाला आत बोलावलं आणि बाकीच्यांना आंब्याखाली बसवलं. पहिले तात्याबा. मी दाराबाहेर होतो, सगळं ऐकू येत होतं.

"आजोबा, स्टार्टर उघडण्याआधी काय कराल?"

तात्याबा म्हणाले, "आपल्याच खिशात ठेवायचा."

"काय ठेवायचं?"

"आपल्याच खिशात ठेवायचा."

"पण काय, आजोबा? आणि त्याच्याआधी काय?"

"आधीचं आक्का म्हनती, सायेब."

संध्याकाळपर्यंत हेच चाललं. वीस जणांत मिळून सगळा धडा होता. सुटा काढला की प्रत्येकाच्या हाती एकेक तुकडा. ज्यांना वाचता येत होतं आणि घरी वही उघडली होती, असे सहा जण पास झाले. तेरा नापास. पुढं सहांतले तिघं सोलरच्या कंपनीनं घेतले, पाट्या पुसायला. कुलथे सर म्हणाले होते तसं ते एकीवर भागलं.

त्या दिवशी दिवेलागणीला मारुतीच्या देवळात कीर्तन होतं. घरी बसवेना म्हणून गेलो. टाळ घेतला, मागच्या ओळीत माझ्या जागेवर उभा राहिलो. बुवा नगरकडचे होते, गळा गोड, निरूपणात माणसाला हळूच रडवणारे. एरवी मी देहभान विसरलो असतो. बुवांनी चरण गायला आणि अर्ध्यावर सोडून मागं हात केला. दोन्हीकडच्या टाळकऱ्यांनी तो उचलला. माझा जबडा उघडला नाही. टाळ वाजत होते, हातांना सवय होती. बुवांनी दुसऱ्यांदा सोडला, तिसऱ्यांदा सोडला. शेवटी त्यांनी माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही, बरं नाही का अशा नजरेनं. मी टाळ खाली ठेवून देवळाबाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याला जाऊन कुलथे सरांना म्हणालो, माझं म्हणणं बदलायचंय. त्यांनी चहा मागवला.

"ते वर गेलंय, बुवासर. आता तुम्ही काही म्हणालात तर तुम्ही आधी खोटं बोललात, एवढंच सिद्ध होईल. बाई पास होणार नाही. ते सहा मात्र नापास होतील."

चहा प्यालो आणि परत आलो.

रविवारी सकाळी गाडी निघणार होती. मी गेलो तेव्हा वेशीबाहेर ट्रक उभा होता आणि माणसं सामान चढवत होती. पत्र्याच्या पेट्या, कोपीचे बांबू, कोंबड्यांची खुराडी. लिंबाजी वर उभा राहून गाठोडी घेत होता.

"या बुवासर," तो म्हणाला. "मुकादमाला सांगा म्हणला व्हता तुम्ही. बरं झालं, म्या सांगितलं न्हाई."

टोमणा होता, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. कुणी दुसऱ्यानं हाक मारली, "लिंबाजी, झाला का पुरा कोयता?" तेव्हा तो हसलाही नाही. हात खाली करून पुढचं गाठोडं मागितलं.

गिरजाबाई पलीकडं चूल बांधत होत्या. लोखंडी चुलीला दोरीचे वेढे घालत होत्या. मी जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते वाटभर जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"आक्का, तुम्हाला आठवलं नाही का हो?" मी विचारलं. हे विचारायला मी गेलोच नव्हतो. "फ्यूजचं. तुम्हाला तर झोपेतही येत होतं."

"येत व्हतं की."

"मग थांबलात का?"

त्यांनी दोरीची गाठ दातांनी आवळली. मग म्हणाल्या, "पयली वळ म्या म्हणून टाकली, तुम्ही खोकला म्हणून. दुसरी तात्याबाची व्हती. ते माणूस मागं लटलटा कापत व्हतं. माझ्या मागं त्यांचाच नंबर. म्हणलं, त्यांची वळ त्यांना द्यावी. एकदा तोंड उघडलं की माणसाचं भ्या जातंय." दोरीचं टोक आत खोवत म्हणाल्या, "आन् तीन म्हयने ती त्यांचीच व्हती. म्या कशी घिऊ? तुम्हीच तर शिकवलं, मागच्यांचं मागच्यांना सोडायचं."

मी खाली बसलो. तिथंच, मातीत.

"मी खोटं बोललो, आक्का."

"ऐकलं की. उभीच व्हते तिथं."

"तुम्ही का नाही बोललात? सगळ्यांसमोर सांगायचं होतं, यांनीच शिकवलंय म्हणून."

"आन् मग?" त्या म्हणाल्या. "तुमची नोकरी गेली असती, त्या पोरांचे कागद गेले असते. म्या गाडीतच बसले असते." चूल त्यांनी उचलून उभी केली, हलत नाही ना बघितलं. "तुम्ही भ्यालात, बुवासर. म्या थांबले तर माझ्या मागं एकोणीस जण बोलले. तुमच्या मागनं कोण बोललं?"

त्यांनी हे दयेनं म्हटलं. मला शिव्या दिल्या असत्या तर मी आज ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

ट्रकचा हॉर्न वाजला. उर्मिला आधीच वर चढून गाठोड्यांत बसली होती, कुणाचं तरी वर्षाचं पोर मांडीवर घेऊन. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. गिरजाबाईंनी चूल नवऱ्याच्या हातात दिली, पाय चाकावर ठेवला आणि पुन्हा खाली उतरून माझ्याजवळ आल्या.

"एक काम करा. उद्या शाळंत जाऊन हेडमास्तरला सांगा, उर्मीचं नाव काढू नका म्हणावं. गुढीपाडव्याला येतोच आम्ही. नाव ऱ्हायलं म्हंजी तिला बसता यील."

"सांगतो."

"इसरू नका."

"नाही विसरणार."

ट्रक गेला. तो पाडव्याला परत आला, पण तोवर शाळा सुटायला आली होती, आणि पुढच्या हंगामाला उर्मिलाच्या हातात स्वतःचा कोयता होता. हे सगळं पुढं व्हायचं होतं. त्या सोमवारी मी शाळेत गेलो तेव्हा मला वाटत होतं, निदान एवढं तरी आपल्या हातून होईल.

हेडमास्तर सातवीच्या वर्गातच होते. हजेरी घेत होते. मी दारात उभा राहून निरोप सांगितला.

"उर्मिला खरात ना? काढत नाही हो नाव," ते म्हणाले. "मी कुणाचंच काढत नाही. नाव काढलं की पट कमी होतो, पट कमी झाला की मास्तर जातो. नावाची काळजी करू नका तुम्ही."

वर्गात नऊ पोरं बसली होती. बाकी सगळी बाकं रिकामी. हेडमास्तरांनी पुन्हा हजेरी उघडली आणि त्या रिकाम्या बाकांकडं बघत एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागले. प्रत्येक नावानंतर जरा थांबायचे. कुणी काही बोलायचं नाही, की ते लिहायचे.

"उर्मिला लिंबाजी खरात," ते म्हणाले, आणि थांबले.

मग 'गै' लिहून पुढच्या नावावर गेले.